विझणारा दिवा

हिरवा ठिपका. विझतो, पेटतो... आणि इंटरनेटच्या राउटरच्या पाठीवरच्या बटणाला आईच्या बोटाचा तेलकट डाग. रोज झोपायला जाताना ती हे बटण बंद करते. दिवसभर डोळे मिचकावून दमत असेल बिचारा, म्हणते.

त्याने लॅपटॉप मांडीवर ओढला. संध्याकाळची गाडी, परत येणं कधी, ते साहेबाच्या मर्जीवर. त्याआधी राउटरवर देखरेखीची सेटिंग लावून व्हायला हवी – म्हणजे तिकडे बसून, हे यंत्र जागं आहे का, असं सारखं विचारता येईल, आणि उत्तर आलं नाही की त्याचा फोन कोकलेल. मागे आई न्हाणीघरात पडली तेव्हा गॅसवाल्याने दार ठोठावेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. फोनवरचं तिला नीट ऐकू येत नाही. कॅमेऱ्याचं नाव काढल्यावर ती अशी काही बघत राहिली होती की... नकोच ते. लोकांची यंत्रं बंद पडली की धावायचं, एवढंच मला आयुष्यात आलं. आईसाठी तरी दुसरं काय सुचणार, कपाळ!

रकाने भरायचे होते. ठिकाण – आईची खोली. संपर्क – त्याने ‘मुलगा’ लिहिलं, खोडलं, मोबाइल नंबर टाकला.

"अजून चाललंच आहे का तुझं?" आई चहा घेऊन आली.

"झालंच. आणि हे बघ, आता रात्री हे बंद करायचं नाही. बंद झालं की मला वाटेल तुला काही झालं."

"आणि चालू असलं की?"

"की तू ठीक आहेस."

"अरे, पण मी मेले तरी तो चालूच राहील ना." दूध नासलं, असं सांगावं तशी ती म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस!" तो खेकसला.

"बरं बाबा. नाही लावणार हात." तिने कपाटातून चिकटपट्टी आणली, दाताने तोडली, बटणावर दाबून बसवली आणि कप विसळायला आत गेली.

पट्टीखाली तो डाग अजून दिसत होता. रोज रात्री दिवा विझायचा तो तिच्या हाताने... म्हणजे ती उठली, इथवर चालत आली, वाकली. एवढीच तर तिची खूण होती, आणि तीच मी आज बंद करून घेतली, वर ओरडलोही. उलटं लावता आलं असतं – ज्या रात्री दिवा विझणार नाही, त्या रात्री बोंब मार, असं. पण बोंब ऐकून तरी मी काय करणार होतो, इतक्या लांबून?

आत नळ वाहत होता. त्याने नख पट्टीच्या कडेखाली घातलं. पट्टी काढतो, आई, बंद करत जा रोज – एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग तिकडे रोज झोपण्याआधी आपल्याला तो दिवा विझायची वाट बघावी लागेल... आणि त्या वाट बघण्यातून सुटावं म्हणूनच आपण सकाळपासून हा खटाटोप करतो आहोत, हे त्याला, नख तिथेच असताना, स्वच्छ कळलं.