वानरं शेंगा धुवत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना आइसबॉक्स आहे. रंग निळा, कडी ढिली, पण थंडावा अजून पक्का. भोपाळला बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये शोभाताईंनी कित्येक वर्षं माझ्यातून श्रीखंड नेलं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी पोचलो की बायका आधी माझंच झाकण उघडत. काय थाट होता माझा!

मग घरात सून आली, श्रुती. ती वानरांचा अभ्यास करते. तिने मला मागून घेतलं आणि माझ्यात बर्फाशेजारी काय ठेवलं माहितीये? वानरांची शी. छोट्या डब्यांत बंद करून, वर चिठ्ठ्या लावून. मी चांगलाच रुसलो होतो. पण हळूहळू कळलं, की वानराला न पकडता, सुई न टोचता, त्याच्या पोटात कोणतं रसायन गेलं आणि अंगातले हार्मोन कसे आहेत, हे त्यातून समजतं. हार्मोन म्हणजे शरीरातले निरोपे. कधी वाढायचं, कधी घाबरायचं, हे तेच सांगतात. त्यांचा गोंधळ झाला की पिल्लांची वाढ बिघडू शकते. हे ऐकलं आणि माझा रुसवा गेला.

एकदा श्रुती प्रयोगशाळेतून उतरलेल्या चेहऱ्याने आली. आमच्या मागच्या झाडावरच्या पिल्लांच्या नमुन्यांत कीटकनाशक सापडलं होतं, आणि ताणाचे हार्मोनही चढलेले होते.

"आई, तुम्ही वालाच्या वेलावर काही फवारता का?"

तो वेल म्हणजे शोभाताईंचा जीव की प्राण. बी खास नागपूरहून आणलेलं.

"माव्याची कीड पडते गं, म्हणून औषध मारते. पण शेंगा चांगल्या चोळून धुते, मगच भाजी करते."

"आपण धुतो, आई. ती पिल्लं कुठे धुतात?"

तीच पिल्लं रोज सकाळी वेलाचा पाला ओरबाडायची आणि शोभाताई कौतुकाने बघत बसायच्या. त्यांना फार वाईट वाटलं. भरल्या शेंगांचा वेल त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटला. शेजारणींच्या मागे लागून त्यांचीही फवारणी बंद करवली.

पुढच्या हिवाळ्यात नवा वेल चढला. थोडा माव्याने खाल्ला, बाकीचा वानरांनी. घरात वालाची भाजी एकदाच झाली.

मी पुन्हा नमुने घेऊन गेलो. या वेळी श्रुती पायऱ्या चढतानाच ओरडली, "आई, औषधाचा अंश नाही. पिल्लांचे ताणाचे हार्मोनही उतरलेत!"

शोभाताईंनी डोळे पुसले आणि त्या हसत म्हणाल्या, "मग जेवू दे त्यांना पोटभर."

त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की काय सांगू! मित्रांनो, फवारा हातात घ्याल तेव्हा आधी एकदा वर झाडाकडे बघा. तिथे कुणीतरी जेवायला थांबलेलं असेल, आणि त्याच्याकडे नळ नसतो.