फळ्या कोण बसवणार

बाबांनी आपलं ड्रिल धाकट्या जावयाच्या हाती दिलं, हे थोरलीला कळलं ते फोनवर, आणि तेही आईकडून. आईची पुस्तकं इतकी वर्षं पेट्यांत पडून होती. त्यांच्यासाठी बैठकीच्या खोलीत जाड लाकडाच्या, चांगल्या दणकट फळ्या बसवायचं ठरलं होतं आणि जावईबापू रविवारी त्यासाठीच येणार होते.

"तुझ्या बाबांना नवा मुलगाच सापडलाय म्हण," आई म्हणाली.

थोरली हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नसतं हे तिला ठाऊक होतं.

त्या ड्रिलला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. धाकटीला तर बाबांच्या हत्यारांच्या पेटीत काय काय असतं हेही सांगता आलं नसतं. थोरली मात्र शाळेत असल्यापासून बाबांच्या हाताखाली असे. फळी सपाट बसलीय का ते दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की ती "आला" म्हणायची, आणि तिनं तसं म्हटल्याशिवाय बाबा स्क्रू पिळत नसत. पुढे ती एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायच्या कामाला लागली, त्याचं मूळही तिच्या मते त्या बुडबुड्यातच होतं. आणि आता ज्याला स्वतःच्या घरात एक खिळा सरळ ठोकता येत नव्हता, तो धाकटीचा नवरा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार होता.

रविवारी तीही गेली. बोलावणं नव्हतं, पण आईचा चष्मा दुरुस्त करून आणला होता, तेवढं निमित्त पुरलं.

खोलीतलं सामान एका बाजूला ओढून त्यावर जुनी चादर टाकली होती. फळ्या घासून, पॉलिश करून दाराशी उभ्या केल्या होत्या. जावई स्टुलावर चढला होता आणि बाबा दोन्ही हात काखेत घालून खुर्चीत बसले होते. जावयानं फळी भिंतीला लावून वर पाणसळ ठेवली, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "आला, बाबा."

थोरलीला तो शब्द चोरल्यासारखा वाटला. त्यावर बाबा "छान" म्हणाले, तेव्हा तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या वाट्याला एवढ्या वर्षांत फार तर "हं" आलं होतं. वर बाबांनी तिला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की याचं एक बरं आहे, हा घाई करत नाही. घाई कशी करेल, त्याला कुठलं टोक भिंतीत जातं हे तरी माहीत आहे का, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

डावीकडच्या भोकांतून विटेची लाल भुकटी पडली. उजवीकडे ड्रिल एकदम आत गेलं आणि थोडी राखाडी धूळ तेवढी गळली. इकडची भिंत मऊ आहे, बरंच झालं, असं म्हणून जावई हसला.

थोरलीला लगेच उमगलं. तिच्या लहानपणी तिथे खिडकी होती. शेजारचं घर उंच झालं आणि उजेड गेला, तेव्हा बाबांनी ती तुटक्या विटा आणि राडारोडा भरून बुजवली होती. धाकटीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. वरून गिलावा होता, आत निम्मी पोकळी. तिथला स्क्रू पुस्तकांचं ओझं सहन करणं शक्यच नव्हतं.

ती गप्प बसली. पडू दे, असं तिला वाटलं. फळी पडली की बाबांना कळेल, पुढच्या खेपेला कुणाला बोलवायचं ते. हा विचार तिनं बराच वेळ गोळीसारखा जिभेवर घोळवला. तेवढ्यात आई आली आणि आपली खुर्ची बरोबर त्या भोकांखाली सरकवून, इथे हात वर केला की पुस्तक, असं म्हणत बसून बघू लागली.

"तिथे वीट नाहीये," थोरली म्हणाली. "तिथे खिडकी होती. भोक पाडायच्या आधी माणसानं भिंत वाजवून तरी बघावी."

जावई खाली उतरला. त्याला जराही राग आला नाही, हे तिला जास्तच झोंबलं.

"मला काय माहीत, ताई? फुल्या बाबांनीच मारून ठेवल्यात."

तिनं वर पाहिलं. पेन्सिलीच्या फुल्या होत्या खऱ्या. त्यांच्या रेघा पहिलीतल्या मुलानं काढाव्यात तशा वेड्यावाकड्या होत्या. बाबा भिंतीकडे एकटक बघत होते. ती खिडकी त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवली होती.

लांब ब्रॅकेट गाडीत आहेत म्हणून जावई बाहेर गेला. आई चहा टाकायला उठली.

"मला का नाही बोलावलंत?" थोरलीनं विचारलं.

बाबा फुल्यांकडेच बघत म्हणाले,

"मागे घड्याळ लावताना तू माझ्या हातातून पेचकस काढून घेतलास."

"तुम्हाला जमत नव्हतं, बाबा."

"नव्हतं जमत. पण माझा हात थरथरतो हे त्याच्या लक्षातही येत नाही. तू बघतेस. मग मलाही तेवढंच दिसायला लागतं."

तिचा मत्सर जागचा हलला नव्हता, फक्त आता तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

जावई परत आला. भिंत वाजवत वाजवत त्यानं बुजवलेल्या जागेच्या पलीकडची भरीव वीट शोधली आणि तिथे नवी भोकं पाडली. शेवटचा स्क्रू राहिला तेव्हा त्यानं पेचकस बाबांपुढे धरला. हा मान तुमचा, म्हणाला.

बाबांनी काखेतून हात काढले.

थोरलीनं पुट्टीचा डबा उचलला आणि त्यांच्याकडे पाठ करून ती फसलेली भोकं बुजवू लागली. मागे पेचकस स्क्रूच्या डोक्यावरून घसरल्याचा आवाज आला. मग पुन्हा तोच आवाज. जावई आपल्या साहेबाचा काहीतरी किस्सा सांगत होता, आणि बाबा मधूनमधून हसत होते. भोक केव्हाच भरलं होतं. ती अंगठ्यानं पुट्टी दाबत राहिली.