समुद्राचं मावंदं

"उज्जैनला समुद्र नाही असं कोण म्हणतं? इथून बैल जुंपले की गाडी थांबायची ती थेट बंदरावर. समुद्र आहे आपला, फक्त जरा लांब ठेवलाय."

हा आवाज पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. लग्नाला आठ दिवस झाले होते. टावर चौकात कुल्फी खाता खाता भय्यासाहेब बोलत होते, कुल्फी वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. देवासहून नवी नवी आलेली विजया, पिवळं पातळ नेसलेली, रुमाल हातात धरून उभी. पुसावं की ऐकावं? तिने ऐकलं. मनात म्हणाली, हा माणूस जन्मभर बोलत राहील आणि मी ऐकत राहीन, सौदा काही वाईट नाही.

भय्यासाहेब आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आवाज अजून तसाच, खर्जातला, भरदार. त्या आवाजाच्या घरात माणूस मात्र कधी असतो, कधी नसतो.

माधव नगरातल्या त्यांच्या घरी आज रविवारी सकाळी सातपासून गॅस पेटलेला होता. मावंदं होतं. माणूस काशीहून, रामेश्वराहून सुखरूप परतला की घरोब्याच्या लोकांना जेवू घालायचं, आणि जेवणं झाल्यावर यात्रेकरूने सगळी यात्रा पहिल्यापासून सांगायची. ऐकणाऱ्यालाही थोडं पुण्य मिळतं म्हणतात. भय्यासाहेब आणि विजया काही काशीला गेले नव्हते. मुंबईहून गोवा, गोव्याहून कोची, अशी जहाजातली पाच दिवसांची सहल करून आले होते. पण भय्यासाहेबांच्या धाकट्या बहिणीला, जयूला, कोण समजावणार?

"काशीचं मावंदं आणि समुद्राचं नाही? वा गं वा," पुरण घाटता घाटता जयू म्हणाली. "साऱ्या नद्या शेवटी जातात कुठे? तुम्ही तर होलसेलच्या दुकानात जाऊन आलात, वहिनी."

"खाली लागतंय बघ."

"बघतेय. पूजेला समुद्राचं पाणी काढून ठेवलंस?"

विजयाचा हात थांबला. "राहिलं गं."

"राहिलं? चारी बाजूंनी पाणी, आणि तुला एक बाटली नाही भरता आली? तू पण ना! जाऊ दे. शिप्रेचं आहे ना देवघरात? त्यात चिमूटभर मीठ टाकते. कोणाला पता चालणार आहे?"

आणि जयूने खरोखरच टाकलं. बोटाने ढवळून चव घेतली, तोंड वाकडं केलं, "एकदम असली," म्हणाली. विजयाला हसू आलं. हसता हसता ओट्याला टेकावंसं वाटलं, तशी ती टेकली. गेले कित्येक महिने ती सलग तीन तासांवर झोपली नव्हती.

जयूला काही माहीत नव्हतं. ती यायची सकाळी, आणि सकाळी भय्यासाहेब बरे असायचे. पेपर हातात, चष्मा कपाळावर, जुने किस्से तोंडपाठ. चष्मा शोधत बसले तर जयू म्हणायची, भय्या पहिल्यापासूनच धांदरट. दुपार कलली की मात्र त्यांच्यातलं काहीतरी सुटायला लागायचं. इंदूरच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं. विजयाने सगळ्यांना सांगितलं, कान तपासायला गेलो होतो.

आणि यशोधनला तर तिने काहीच कळू दिलं नव्हतं. एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरी. कंपनी त्याला तीन वर्षं जर्मनीला पाठवत होती, बायको मृणालसकट. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. काल रात्री उशिरा, बाबा झोपल्यावर, तो एकटाच आला होता, मावंद्याला म्हणून. दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्याने वर पाहिलं.

"आई, ही वरची कडी कधी लावली?"

"माकडं येतात रे फार."

"माकडं कडी उघडतात?"

"आपल्याकडची उघडतात," विजया म्हणाली, आणि त्याची बॅग घेऊन आत गेली.

जहाजाची तिकिटं त्यानेच काढली होती. बाबांनी जन्मभर बंदरांवर व्याख्यानं दिली, समुद्र पाहिला तो एकदा जुहूला, तोही उन्हात. आता पाहू दे नीट, किनाऱ्याकिनाऱ्याने. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. शिवाय विजयाच्या मनात एक वेडी आशा होती. ज्या बंदरांची नावं हा माणूस झोपेत घेतो, ती समोर दिसली तर आतला दिवा मोठा होईल कदाचित.

पहिल्या संध्याकाळी मुंबई मागे पडली. मुंबईचे दिवे एकेक करून पाण्यात बुडाले. कठड्याला धरून भय्यासाहेब बराच वेळ पाहत राहिले, आणि मग त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"शिप्रेला पूर आलाय," ते म्हणाले. "रामघाट गेला. आई खाली आहे. तिला वर आणा कोणीतरी."

त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. विजया म्हणाली, "आणलंय त्यांना. वर आहेत, चहा घेतायत." तेव्हा कुठे पकड सैल झाली.

जहाजातल्या सगळ्या खोल्यांची दारं सारखी. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना तेच दार, तेच दार. आपली खोली ओळखू यावी म्हणून तिने भैरवगढच्या छापाची लाल ओढणी दाराच्या मुठीला बांधली. दुसऱ्या दिवशी साफसफाईवाल्याने ती सोडून, छान घडी घालून, पलंगावर ठेवली, आणि भय्यासाहेब पाऊण तास हरवले. सापडले ते जेवणाच्या हॉलमध्ये, एका गुजराती कुटुंबाला लोथलच्या गोदीविषयी सांगताना. "अंकलजी तो कमाल हैं," त्या घरची सून म्हणाली. विजयाने हात जोडले.

गोव्याला सगळे उतरले, हे दोघे नाही उतरले. कारवारच्या बाजूला पहाटे डोंगरांची रांग दिसली, निळ्यावर निळी, पायथ्याशी धुकं, मधेच एक दीपस्तंभ, विझायच्या बेतातला. इतकं सुंदर होतं की तिला कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. भय्यासाहेब आत झोपले होते. त्यांना झोप लागली हे त्या दीपस्तंभाहून मोठं होतं. ती एकटीच उभी राहिली. तिची आई बसल्या जागी ओव्या रचायची. तशी एक आपोआप ओठांवर आली.

*दर्याच्या काठानं डोंगर गेले लांब*
*माझ्या सोबत्याला मी म्हणते, जरा थांब*

पुढची ओळ सुचली नाही. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि ती धावली.

कोचीत शिरताना काठावर मासे धरायची ती मोठाली जाळी दिसली, लाकडी हातांनी पाण्यात उतरायची आणि वर यायची. चारचौघांसारखी तीही फोटो काढत होती. "अहो, इकडे बघा. हसा." भय्यासाहेब हसले. टोपी, मागे निळं पाणी, पांढरे पक्षी. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. मृणालने लगेच लिहिलं, बाबा काय खूष दिसतायत!

फोटो काढून झाल्यावर भय्यासाहेब अदबीने म्हणाले होते, "तुमचे फार उपकार, ताई. तुम्ही कुठल्या? माझी बायको पण यायची होती. तिला समुद्र दाखवायचा राहिलाच."

"येतील त्या," विजया म्हणाली.

ते तिने ग्रुपवर लिहिलं नाही.

साडेबाराला पंगत बसली. पुरणपोळी होती, आणि मावंदं उज्जैनमध्ये म्हणून दाल-बाफलेही होते. खारवलेल्या शिप्रेची पूजा झाली. जयूने गडूवर फूल ठेवताना विजयाला डोळा मारला. वीस-बावीस माणसं; भय्यासाहेबांचे जुने विद्यार्थी, शेजारचे तिवारीजी, नात्यातले चार जण. जेवणं आटोपली, सुपारी फिरली आणि जयू म्हणाली, "हां भय्या, आता यात्रा सांगा. नाही तर आमचं पुण्य बुडालं."

विजयाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. दुपार कलायला अजून थोडा अवकाश होता. तिने पदर मुठीत धरला.

भय्यासाहेबांनी घसा साफ केला. आणि तो आवाज उठला.

"उज्जैनहून माल निघाला," ते म्हणाले. "अकीकाचे मणी, तलम कापड, हिमालयातून उतरलेली सुगंधी मुळं. चौदा गाड्या. वाटेत दोन बैल बसले. भडोचला पोचलो तेव्हा ओहोटी होती. नर्मदेच्या मुखाशी नवखं जहाज आपणहून येऊच शकत नाही. तिथली भरती घोड्यांच्या टापांसारखी वाजत येते. राजाचे कोळी होड्या घेऊन पुढे होतात, दोर टाकतात आणि जहाजाला हाताला धरून आणतात, लहान मुलाला आणावं तसं. परदेशी खलाशी घाबरलेले. मी म्हटलं, घाबरू नका, आमची माणसं आहेत."

"क्या बात है, सर!" तिवारीजी म्हणाले.

भडोच. जहाज भडोचच्या वाऱ्यालाही गेलं नव्हतं. कोणाला खटकलं नाही. यात्रा सांगणारा रंगला की ऐकणारा नकाशा बघत नाही. यशोधन फोन उभा धरून चित्रण करत होता, चेहरा लहानपणी असायचा तसा झालेला.

"तिथून चौल, दाभोळ," भय्यासाहेब सांगत राहिले, "तिथून खाली मिऱ्यांच्या देशात. आणि प्रत्येक बंदरात माझी विजू बरोबर होती. पिवळं पातळ नेसलेली. तिला विचारा हवं तर."

ते सगळ्यांकडे पाहत होते. विजयावरून त्यांची नजर गेली, जराशी थबकली, सौजन्याने हसली आणि पुढे गेली.

"ओहोहो, पिवळं पातळ!" जयू ओरडली. "या वयात! सांग की वहिनी, खरंय ना?"

सगळे तिच्याकडे वळले.

"हो," विजया म्हणाली. "खरंय."

टाळ्या झाल्या.

साडेतीनपर्यंत माणसं पांगली. जयू उरलेले बाफले डब्यात घेऊन गेली. भय्यासाहेब आत आडवे झाले. विजया मागच्या पडवीत बसून ताटं पुसत होती. घासून झालेली होती, कोरडी करायची तेवढी. यशोधन येऊन तिच्याजवळ जमिनीवरच बसला आणि त्यानेही एक फडकं घेतलं.

"आई, बाबा म्हणजे कमाल आहेत. मृणालला व्हिडिओ पाठवला, ती तर रडलीच. या वयात इतकं लक्षात!" त्याने ताट पुसून बाजूला ठेवलं. "खरं सांगू? मला तुमची जरा चिंता होती. फोन तू हल्ली लवकर ठेवतेस ना, म्हणून. पण आज पाहिलं आणि जिवात जीव आला."

विजया पुसत राहिली.

"मग उद्या हो म्हणून टाकतो. तीनच वर्षं. दर वर्षी येईनच. आणि पुढच्या वर्षी तुम्ही या, तिकडे पण जहाजं आहेत, मोठमोठी बंदरं आहेत. बाबा तिथल्या लोकांना पण पाजतील डोस." तो हसला. "जाऊ ना?"

जा, हा शब्द जिभेवर तयार होता. शाळेच्या सहलीला, होस्टेलला, पुण्याला, दर वेळी तिने तो असाच दिला होता, न विचारता, वर पोळीचा डबा बांधून. आताही तिने तोंड उघडलं. पण हातातलं ताट कोरडं होऊन किती वेळ झाला होता आणि ती ते पुसतच होती. हात थांबायला तयार नव्हते. यशोधनने ते पाहिलं. त्याने तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

"आई? काय झालं?"

आत पलंग करकरला. भय्यासाहेब उठले होते. पावलं पुढच्या दारापर्यंत, त्या वरच्या कडीखाली गेली, परतली. मग तो अदबशीर आवाज आला, "कोणी आहे का? मला घरी जायचंय. कोणी सोडेल का मला घरी?"

यशोधन आवाजाच्या दिशेने बघत राहिला. मग आईकडे वळला.

"हे… बाबा थट्टा करतायत?"

"नाही," विजया म्हणाली. "भडोचला आम्ही गेलो नव्हतो, यशू. गोव्याला उतरलोसुद्धा नाही. दीड वर्ष झालं यांचं असं. सकाळी ओळखतात मला, दुपारनंतर नाही ओळखत, ताई म्हणतात. मी सगळ्यांशी खोटं बोलले, तुझ्याशी सगळ्यात जास्त." तिने श्वास घेतला, पण आवाज वर आला नाही, खालीच राहिला. "मी फार थकलेय रे. मला एकटीला हे होत नाही. तू जाऊ नकोस."