दारावरची दोन पत्रे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. एकाच दाराचा, कोपऱ्यावर रंग उडालेला. दाराचे रबर ढिले झाल्यामुळे दमट दिवसांत मला बाहेरून घाम येतो. थंड ठेवण्यापलीकडे मला काही शिकवलेले नाही. म्हणून जे घडले ते मी थंडपणेच सांगणार आहे. रडण्याची मला सवय नाही, ठिबकण्याची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, आत काचेची लोकर भरली, पोटाशी मोटर बसवली आणि एका लांब पट्ट्यावरून मी जगात आलो. नंतर दुकानात उभा राहिलो. माझ्या शेजारी माझ्याच उंचीचा दुसरा फ्रीज होता. त्याच्या कपाळावर एकच किंमत होती. माझ्या कपाळावर दोन होत्या, एक मोठी, लाल रेघेने खोडलेली आणि खाली दुसरी.

या घरचे आई-बाबा मला घ्यायला आले तेव्हा ती लाल रेघ पाहून बाबांचे डोळे चमकले. खरे तर बाबांना ती रेघ ओळखीची असायला हवी होती. बाबा चपला-बुटांच्या दुकानात विक्रेते होते. सेल लागायच्या आदल्या आठवड्यात किमती आधी वाढवायच्या आणि मग खोडायच्या, हे काम तेच करत. लहान पांढऱ्या लेबलांचे भेंडोळे कायम त्यांच्या खिशात असे. जुन्या किमतीवर नवे लेबल असे चिकटवत की नखालाही सापडू नये.

"बघ, किती सुटले," बाबा म्हणाले.

"सुटले ते काय बघता?" आई म्हणाली. ती एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसे आणि कमी बोले. "गेले किती ते बघा. तो शेजारचा याच्यापेक्षा स्वस्तच पडतोय."

"अगं, त्याच्यावर सूटच नाही."

अशा रीतीने मी या घरी आलो. जिन्यावरून चढवायचे पैसे वेगळे पडले. विजेचा दाब सांभाळणारी पेटी वेगळी घ्यावी लागली. महिनाअखेर विजेचे बिल आले तेव्हा बाबांनी ते दोनदा उलटून पाहिले. पुढे माझा गॅस संपला आणि मेकॅनिक आला. माझ्या पाठीशी बसून तो हसत म्हणाला, "साहेब, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे मॉडेल वीज पितं हो."

"पण घेताना केवढी सूट होती माहितीये?" बाबा म्हणाले.

मेकॅनिकने पाना पिशवीत टाकला.

तरी ती वर्षे चांगली गेली, मित्रांनो. दोन मुली माझ्यासमोर मोठ्या झाल्या. थोरली आधी माझ्या खालच्या कप्प्याएवढी होती, मग दाराच्या मुठीपर्यंत पोचली, मग माझ्या डोक्यावरची बरणी काढण्याएवढी झाली. धाकटी बर्फ चोरून खाई आणि तोंड पुसून साळसूदपणे उभी राही. पाहुणे आले की आई मला ओल्या फडक्याने पुसत असे. कुणी "अजून चालतो वाटतं?" म्हणाले तर बाबा माझ्या दारावर थाप मारून म्हणत, "चालतो म्हणजे? घोडा आहे."

दारावर बुटाच्या आकाराची दोन चुंबके होती, बाबांना कंपनीने दिलेली. त्यांच्याखाली थोरलीची चित्रे आली, मग शाळेची वेळापत्रके. एका वर्षी त्यांच्याखाली दोन पत्रे आली.

थोरलीला पूल बांधायला शिकायचे होते. हा अभ्यासक्रम दोन कॉलेजांत होता. एक दूरच्या शहरातले, मोठ्या नावाचे. दुसरे बसने जाण्यासारखे. दोन्हींनी तिला घेतले होते आणि दोन्हींनी मदत देऊ केली होती. बाबांनी दोन्ही पत्रे शेजारी शेजारी लावली, बुटाखाली एक आणि बुटाखाली एक. दूरच्या कॉलेजचा कागद जाड होता.

"वर्षाची फी बारा लाख," बाबांनी बोट ठेवून वाचले. "त्यातले आठ सोडलेत. आठ. आणि हे जवळचे बघा, फी पाच, सोडले दोन. दोनच. हात आखडता."

"म्हणजे तिकडे चार भरायचे आणि इकडे तीन," आई म्हणाली.

"एका लाखाच्या फरकात केवढं नाव मिळतंय."

"आणि राहण्या-जेवणाचं?"

"ते होईल गं. आठ सोडतात ते जेवायला घालणार नाहीत का?"

धाकटी म्हणाली, "ताई गेली की तिचा पलंग माझा." त्यावर सगळे हसले. थोरलीही हसली, पण ती पत्राची खालची बाजू वाचत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात ती एकटीच होती. हवा दमट होती आणि माझ्या दाराला घाम आला होता. जाड पत्र हातात धरून ती माझ्या ओल्या पत्र्यावर बोटाने आकडे लिहू लागली. आठ लाखांतले तीन खरोखर सोडलेले होते, तेही पहिल्या वर्षापुरते. पुढे मिळायचे तर गुण राखायचे होते. दुसरे तीन कर्ज होते आणि ते तिच्या नावावर चढणार होते. उरलेले दोन तिने कॉलेजच्या कँटीनमध्ये काम करून मिळवायचे होते. या तिन्हींना पत्रात एकच नाव होते, मदत. वसतिगृह, जेवण, पुस्तके आणि जाण्यायेण्याचा खर्च दुसऱ्या पानावर होता. तो आणखी तीन लाख होता.

तिने बेरीज केली. बारातले तीन गेले, नऊ राहिले. नऊ आणि तीन मिळून पुन्हा बारा.

बाराचे बाराच. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. आकड्याच्या टोकातून पाण्याचा एक ओघळ खाली गेला.

तेवढ्यात बाबा आले. त्यांच्या हातात बुटांचा खोका होता. "तुझ्या मापाचे घेतलेत," ते म्हणाले. "तिकडे चालणं खूप असेल. दुकानात सगळ्यांना सांगितलं. मालक म्हणाले, बापाने चपला विकल्या आणि पोरीने आठ लाख मिळवले."

थोरलीने बाहीने माझे दार पुसून टाकले.

"बाबा, ते जवळचं पण बरं आहे," ती म्हणाली.

"घाबरतेस होय?"

"नाही."

"मग झालं तर. घाल बघू बूट."

तिने बूट घातले. चालून दाखवले. मी सगळे पाहिले होते, पण मित्रांनो, फ्रीजला फक्त गुरगुरता येते, आणि त्या दुपारीही मी नेहमीसारखाच गुरगुरलो.

ती गेली. धाकटीला पलंग मिळाला. पहिल्या वर्षी फोन येत, आधी लांब, मग तोकडे. कँटीनमध्ये संध्याकाळपासून भांडी असत, त्यानंतर अभ्यास. "जेवलीस का?" आई विचारी. "इथे जेवणाचीच तर नोकरी आहे," ती म्हणे. आई हसत नसे. वर्षाच्या शेवटी गुण थोडे कमी पडले आणि ते तीन लाख बंद झाले. बाबांनी दुकानातून उचल घेतली. ती पुरली नाही.

दुसरे वर्ष अर्धे झाले तेव्हा थोरली परत आली. बुटांचे तळ झिजले होते. कुणी रागावले नाही, कुणी रडलेही नाही. आईने पाणी दिले. बाबा म्हणाले, "गाडीला गर्दी होती का?" ती म्हणाली, "होती."

त्यानंतर घरात बरेच दिवस तसेच गेले. जेवण होई, भांडी घासली जात, दिवे लागत. दुपारी थोरली येऊन माझे दार उघडत असे आणि तशीच उभी राही. काही घेत नसे. माझा छोटा दिवा तिच्या चेहऱ्यावर पडे. माझ्या आतला गारवा बाहेर सांडत जाई आणि मोटर धापा टाके, पण तिला कुणी "दार लाव" म्हणाले नाही. एरवी याच गोष्टीवरून त्या घरात रोज कुरकुर होत असे.

बाबा आता कधी 'सूट' हा शब्द उच्चारत नसत. दुकानात लेबले लावत, घरी येऊन हात धूत. जाड पत्र कुणीतरी काढून ठेवले होते. त्याच्या जागी दारावर एक चौकोन राहिला, बाकीच्या पत्र्यापेक्षा पांढरा.

पुढच्या वर्षी थोरलीने जवळच्या कॉलेजात पहिल्यापासून नाव घातले. आता मदत दोन लाखांची नव्हती, एकाची होती. सकाळी ती बसने कॉलेजला जाई आणि दुपारनंतर एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत बसे. दर महिन्याला दूरच्या कॉलेजच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जात होता. अजूनही जातो.

गेल्या आठवड्यात धाकटीची पत्रे आली. दोनच. बाबांनी ती माझ्या दारावर लावली, बुटाखाली एक आणि बुटाखाली एक. एक बरोबर त्या पांढऱ्या चौकोनावर बसले.

धाकटी म्हणाली, "बाबा, यांनी बघा किती दिलेत."

बाबांनी खिशातून लेबलांचे भेंडोळे काढले. एक लेबल सोलले आणि मदतीच्या आकड्यावर चिकटवले. कडेने नख फिरवले. दुसऱ्या पत्रावरही तसेच. मदतीचा एकही आकडा दिसेनासा झाला. मग ते बाजूला सरकले.

"ताईला बोलाव," ते म्हणाले. "आता काय उरलं ते ती वाचेल."

थोरली आली. तिने बाबांकडे पाहिले नाही. पेन घेऊन दुसरे पान उलटले आणि सगळ्यांत आधी राहण्याचा खर्च लिहिला. बाबा शेजारी उभे होते, तिने आकडा सांगितला की मान हलवत होते. हिशेब लांबला. आईने येऊन माझे दार उघडले, दूध काढले आणि दार नीट दाबून लावले.

मित्रांनो, माझे आता थोडे दिवस राहिले आहेत. मेकॅनिक म्हणतो, या मॉडेलचे सामान मिळत नाही. माझ्या जागी नवा फ्रीज येईल. तो आणायला जाल तेव्हा खोडलेली किंमत वाचू नका. तो वर्षाला किती वीज पितो, जिन्यावरून चढवायला किती लागतात, बिघडला तर कोण येतो, एवढे विचारा. आणि घरातले कुणी दारावर बोटाने काही लिहीत असेल, तर तिने पुसायच्या आत वाचा.