आता तुम्ही मोकळ्या झालात

कपाच्या आतून सुटून आलेला तो पापुद्रा कांद्याच्या सालीखालच्या पापुद्र्यासारखा पातळ होता, आणि ती मुलगी तो नखाने सोलत सोलत उजेडाकडे धरत होती.

"हे प्लास्टिक आहे, आजी. कागदी म्हणून आपण वापरतो, पण कुजत नाही हे."

अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. कागदात प्लास्टिक... इतकी वर्षं ओठाला लावत होतो ते हे? ही मुलगी गावातल्या मंडळांमधून हिंडते म्हणे — क्रीडामंडळं, वाचनालयं, आणि आज त्यांचं विणकाम मंडळ — आणि कचरा कसा कमी करायचा ते सांगते. आल्या आल्या तिने कचऱ्याची पिशवी काट्याला टांगून तोलली होती. गाठीबिठी मारलेलं आपलं काहीतरी परक्यासमोर उघडं पडावं तसं झालं होतं त्यांना.

"बाकी सगळं छान आहे तुमचं. उरलेली लोकरसुद्धा उशीत भरता! फक्त हे कप. पूर्वी कशात प्यायचात?"

पूर्वी — पूर्वी चिनीमातीचे कप होते. चोवीस. आणि ते धुवायच्या थोरल्या जाऊबाई. दर सोमवारी, चहा झाला की बाकीच्या सुया उचलायच्या आणि जाऊबाई पदर खोचून मागच्या मोरीकडे जायच्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्यांना विणता येत नसे. सुलट टाका घालता घालता उलट व्हायचा, बाळाचं टोपडं निघायचं ते बोक्याच्या डोक्याला बसेल असं. सगळ्या हसत, त्याही हसत. पण मला ते बघवेना — घरी भांडी, इथे भांडी, थोरली असून हिने सगळ्यांचं उष्टं का काढावं? मग मीच भांडून कागदी कप आणवले. भर सभेत म्हटलं, "जाऊबाई, आता तुम्ही मोकळ्या झालात." टाळ्या पडल्या होत्या. आयुष्यात दुसऱ्यासाठी काही धड केलं असेल तर ते एवढंच, असं अध्यक्षबाईंनी मनाशी कितीदा तरी...

"कप धुवायचे म्हणजे कुणी धुवायचे?" नर्सबाईंनी विचारलं. "मी नाही हं. नोकरीत जन्मभर हात धुतले, आता पुरे."

"पाळी लावा की," टेलरबाई म्हणाल्या. मंडळातल्या सर्वांत जुन्या त्याच. सुईवरची नजर न उचलता त्या पुढे बोलत राहिल्या, "पूर्वी काय मजा यायची मोरीपाशी. यांच्या जाऊबाई नकला काय करायच्या! अध्यक्षबाईंची तर हुबेहूब. आम्ही मुद्दाम अर्धा चहा टाकून कप घेऊन पळायचो मागे."

"माझी नक्कल?"

"अहो, तुम्हाला ठाऊक नाही? 'सुया खाली, कान इकडे!'" टेलरबाईंनी मान ताठ करून आवाज काढला आणि दोघीतिघी फिस्कन हसल्या. "खरा वर्ग मागेच भरायचा. कागदी कप आले नि बंद पडला."

अध्यक्षबाईही हसल्या, कारण तेव्हा हसणंच भाग होतं. पण त्यांना आठवत होते कागदी कप आल्यानंतरचे ते तीन सोमवार, जाऊबाई खुर्चीवर बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर, कुणाच्या तरी लोकरीचा गुंडा उगीच धरलेला. चौथ्या सोमवारी म्हणाल्या होत्या, "अगं, तू जा, माझे गुडघे धरलेत." गुडघे खरंच दुखत असतील. दुखत होतेच की, तेल मीच आणून द्यायची... की नव्हते? घरातला जिना तर त्या चढायच्या. मग कुणाला मोकळं केलं मी? आणि आज ही मुलगी म्हणते ते केलं, तर ते जाऊबाईंसाठी होईल, की या नदीनाल्यांसाठी, की मला आज रात्री झोप लागावी म्हणून? आणि नाही म्हटलं तर — तो हट्ट कुणाचा?

"मग काय लिहू, आजी? कप परत आणणार?" मुलीने पेन उघडलं. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. अध्यक्षांनी मान हलवल्याशिवाय इथे काही ठरत नसे; तशी सवय त्यांनीच लावली होती.

"लिही..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

जाऊबाई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची आठवण आली की अध्यक्षबाईंना नेहमी बिचाऱ्या वाटायच्या त्या, खाली मान घालून राबणाऱ्या. आणि आता एकाएकी राग आला, चांगला सणसणीत, कानशिलं तापवणारा. एका घरात राहायचो, एका तव्यावरचं खायचो — मग बोलायला काय झालं होतं? मला सोडून सगळ्यांना हसवलंत, आणि मला फक्त गुडघे दाखवलेत? उत्तर द्यायला त्या नव्हत्या, आणि तरी इतक्या जवळ त्या गेल्यापासून कधीच आल्या नव्हत्या. मुलगी वाट बघत होती. तिला थोडं थांबायला सांगायला हवं होतं, पण अध्यक्षबाईंचं हे भांडण आत्ता कुठे सुरू झालं होतं.