नावात रिठी असेल तर

“दीपालीबाई, रिठी म्हनजे तिथी मानूसच नाई, असं नसते,” तहसील ऑफिसातले सोमाजीभाऊ शिपाई म्हणाले होते. दीपालीनं हूं केलं, मांडीवरची लेक सावरली आणि तहसिलीच्या वेबसाइटचा नियम लिहिला: गावाच्या नावात ‘रिठी’ असेल, तर गाव दाखवू नको.

सरकारी कागदात रिठी म्हणजे ओसाड गाव. कधीकाळी ओस पडलं ते पडलं. पुढं तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांची पंधरा घरं उभी राहिली, ती बघायला कागद थोडाच चालत जातो.

हा नियम भूपेश सरांचा. सर वेबसाइटच्या कंत्राटदाराचे, दीपालीचे साहेब; बसायचे नागपुरात. त्यांना ‘तर’ लिहायची भारी हौस. ‘नाहीतर’ मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. अशा हुशारांच्या हाती वेबसाइटवरची, पावसात वाट तुटणाऱ्या गावांची यादी. तिच्यावरून दवाखान्याची सिस्टर गरोदर बायांना आधीच तालुक्याला आणायची.

परवा मोहबोडी रिठीच्या चंदाबाई नाला ओलांडून ऑफिसात आल्या. “माह्या सुनेले नववा सरून राह्यला. सिस्टर म्हन्ते, यादीत गावच नाई. काऊन नाई?”

दीपालीनं तिथंच सरांना फोन लावला. “सर, तिथं माणसं राहतात.”

“सिस्टिममध्ये नाही राहत.”

“तिथल्या एका गरोदर बाईच्या सासूबाई माझ्यासमोर बसल्यात.”

“एका गावासाठी नियम बदलायचा? सोमवारी बघू.”

“तुमचा सोमवार पोट थांबवते का?” चंदाबाई फोनकडे बघून म्हणाल्या. “मतदानाले बरोबर सापडते आमचं गाव.” आणि नाला चढायच्या आत घरी पोचायला निघून गेल्या.

तेव्हापासून पाऊस उघडला नाही. फोन लागत नाही. सिस्टर म्हणते, “यादीत नाव आण, लगेच बोट मांगते.” नियमाला सरांचं कुलूप, त्यांच्या पासवर्डशिवाय तो बदलत नाही. लेकीला खोकला आला तरी दीपालीचा जीव उडतो. चंदाबाईंची सून दिव्यानी तर तिकडं पाण्यापलीकडं.

दीपालीच्या हातात वेबसाइटच्या पानावरची सूचनेची चौकट तेवढी होती. तिला कसलीच अट नव्हती. दीपालीनं लिहिलं:

‘मोहबोडी रिठीत माणसं राहतात. तिथं दिव्यानी नावाची बाई नवव्या महिन्यात आहे. तुम्ही त्या बाजूला असाल, तुमच्याकडं डोंगा असेल, तर तळ्याकाठच्या चंदाबाईंच्या घरी जाऊन बघा. ती कशी आहे, ते मला कळवा.’

खाली तिनं स्वतःचा नंबर टाकला.