ऑरिनची पेंढी आणि माझ्या भेगा

मी एक जुनं धुराडं आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एका टेकडीवर एबनचं घर आहे, त्याच्या पोटातून मी विटाविटांनी वर गेलेलं आहे. माझ्या पायाशी उघडी शेकोटी होती. तिचा धूर गरमागरम, भरभर वर निघून जायचा. वरच्या खोलीत माझ्या कोमट भिंतीला पलंग लावण्यावरून घरात भांडणं व्हायची. मग घर तापवायचं तेल महागलं आणि एबनच्या घरजावयाला, ऑरिनला, शहाणपण सुचलं.

त्याने शेकोटीच्या जागी लाकडाची लोखंडी शेगडी आणली. दुकानदाराने बजावलं होतं, शेगडीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत सलग पोलादी नळी घाल. ऑरिन हसला. "मग धुराडं काय शोभेला आहे?" असं म्हणून त्याने हातभर नळी माझ्या खालच्या तोंडात खुपसली, भोवती पत्रा ठोकला आणि स्वतःवर खूश होऊन आमच्याकडे दर शनिवारी रांधतात तो घेवडा ओरपला.

त्यात लाकूड ओलं. ते रात्रभर पुरावं म्हणून हा शेगडीची हवा कोंडायचा. तो मरतुकडा धूर माझ्या रुंद पोटात गारठायचा आणि डांबर होऊन भिंतींना चिकटायचा. मी गुदमरून धूर परत खोलीत सोडला, तर याने खिडकी उघडली. अक्कल तिथेच संपली.

आमच्याकडे छपरावर बर्फ असला, ठिणगीची भीती नसली की धुराड्यात मुद्दाम गवत पेटवून काजळी जाळून टाकतात. शेकोटीच्या पातळ काजळीला ते चालून जायचं. पहिला जाड बर्फ पडला आणि ऑरिन पेंढी घेऊन हजर. वर एबन अंथरुणाला खिळलेला, उशी माझ्या भिंतीला टेकलेली. त्याने लेकीला, व्हर्नाला, हाक मारली.

"जावईबापूंना सांग, ही काजळी नव्हे, डांबर आहे. आधी मला खाली न्या, मग काय ते पेटवा."

व्हर्नाने तसं सांगितलं. "तुझ्या बाबांनी जन्मभर हेच केलं. मी केलं की वाईट?" म्हणत ऑरिनने पेंढी शेगडीत कोंबली आणि काडी ओढली.

माझ्या पोटात भट्टी पेटली. विटा तडकल्या आणि भेगेतून निघालेली ज्वाळा एबनच्या उशाजवळच्या तुळईला लागली. व्हर्ना बापाला पाठुंगळी घेऊन जिना उतरली. शेजाऱ्यांनी शेगडीची हवा बंद केली, तुळईवर बादल्यांनी बर्फ ओतला. घर वाचलं. ऑरिन अंगणात उभा राहून, धुराडंच कच्चं होतं, असं सगळ्यांना सांगत होता.

आता माझ्या भेगा बुजवल्या आहेत. टोकापर्यंत सलग नळी आहे, ती खाली घट्ट बसवली आहे, आणि दर हिवाळ्याआधी तिच्यातून ब्रश फिरतो. पण एबनचा पलंग पलीकडच्या गार भिंतीला गेला. परवा तो म्हणाला, "मला परत तिकडे ने गं." व्हर्नाने माझ्यावर तळहात ठेवला. माझी भिंत पूर्वीसारखीच कोमट होती. हात काढून घेत ती म्हणाली, "नको, बाबा."

मित्रांनो, धुराड्याची निगा राखा. आणि भीती वाटलीच, तर ती माझी वाटू देऊ नका. पेंढी माझ्या हातात नव्हती.